हळद लावलेला बर्फ

माझ्या नणंदेचं लग्न भर वैशाखात झालं, आणि त्या लग्नात आम्ही बर्फ पाडला. हे कोणाला सांगायला गेलं की लोक माझ्या तोंडाकडे बघायला लागतात आणि मला पुढचं सुचत नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही हे सगळ्या सोयऱ्यांना माहीत आहे. म्हणून दुपारी घर झोपलं की लिहून काढते. हे कोणाला दाखवायचं नाही.

बर्फ कशाला, ते आधी सांगायला पाहिजे. नणंदेचा घोळणा फुटायचा. होळी झाली की तिचं नाक सुरू. उन्हातून आली, चुलीपाशी बसली, जोरात हसली, की नाकातून रक्त. ती स्वतः कधी घाबरली नाही. मान खाली घालायची, एका हातानं नाक दाबायची आणि दुसऱ्या हातानं तव्यावरची पोळी उलटवायची. डॉक्टरांनीही सांगितलं होतं की उष्णतेनं होतं, दुसरं काही नाही. पण डॉक्टर काही तिला सून करून घेणार नव्हते. आदल्या उन्हाळ्यात एक मंडळी तिला पाहायला आली. ती पोह्यांचा ट्रे घेऊन वाकली आणि मुलाच्या बापाच्या बशीत एक थेंब पडला. त्या गृहस्थाला आधी वाटलं डाळिंबाचा दाणा आहे. मग दुसरा पडला. पोहे तसेच राहिले आणि ती माणसं पुन्हा आमच्या भागात, सक्करदऱ्याच्या बाजूला, फिरकली नाहीत. कोणीतरी मागून म्हणालं की पोरीला आतून काहीतरी रोग आहे. तेव्हापासून सासूबाईंनी ठरवलं होतं की पोरगी दाखवायची ती थंडीतच.

त्याप्रमाणे कार्तिकात एक स्थळ आलं. मुलगा मास्तर होता, नरखेड तालुक्यातला, माझ्या मामेसासऱ्यांच्या गावापलीकडचा. मामांनीच जमवलं. थंडीत नणंदेचं नाक अगदी शहाण्यासारखं वागलं, मास्तरांनी दोन वेळा पोहे मागून घेतले आणि सगळं ठरलं. सासूबाई मार्गशीर्षातला मुहूर्त धरून बसल्या होत्या. पण मुलाकडून निरोप आला की मास्तरांना सुट्टी उन्हाळ्यातच, आणि गावची माणसंही कापूस-गहू आटोपल्याशिवाय मोकळी होत नाहीत. वैशाखातली गोरज ठरली. आमच्या नागपूरचा वैशाख. गोरज म्हणजे नुसता सूर्य बुडलेला, भिंती तशाच तापलेल्या.

सासूबाईंनी त्या दिवशी जेवण केलं नाही. "बोहल्यावर फुटला म्हंजे?" एवढंच त्या म्हणत होत्या. "अंतरपाट धरला अन् फुटला म्हंजे?"

तोडगा काढला तो आमच्या ह्यांनी. हे एका कचेरीत बाबू होते. कचेरीतल्या कोणी साहेबानं टाकून दिलेला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ह्यांनी घरी आणला होता आणि नणंद त्यात बटनं ठेवायची. डब्याच्या झाकणावर चित्र होतं. कुठल्या तरी थंड देशातलं घर, छपरावर बर्फ, टोकदार झाडं, आणि अंगणात बर्फाचा एक गोल गोल माणूस, डोक्याला टोपी घातलेला. हे तो डबा घेऊन सासूबाईंपुढे बसले.

"ह्या झाकणाकडे पाह्य, आई. काय वाटते?"

"झाकण वाटते."

"थंड वाटते का नाही?"

"मले तर आतमधले बटनं आठवून राहिले."

"आई, माणसाचं अंग डोळ्याचं ऐकते," हे म्हणाले. "डोळ्यानं बर्फ पाह्यला का अंगाले वाटते, चला, थंडी आली. नाकबी गप बसन. मी आज दुपारी ह्या झाकणाकडे पाहत बसलो तर मले घाम नाही आला."

"मंग हापिसात जाताना छत्री काहून नेतं बाप्पा? झाकण घेऊन जात जाय ना."

पण दुसरा उपाय कोणापाशीच नव्हता. थंडगार हॉल घेऊन लग्न करायची आमची ऐपत नव्हती, मांडव घरापुढच्या गल्लीतच पडणार होता. सजावट करणाऱ्या माणसाला ह्यांनी झाकण दाखवलं, तेव्हा त्यानं जे सांगितलं ते ऐकून हे डबा बगलेत मारून परत आले. मग ठरलं की सगळं घरीच करायचं. लोकांना सांगायचं की काश्मीरचा देखावा आहे, शहरात नवीन फॅशन आहे. खरं कारण घरच्यांबाहेर जाऊ द्यायचं नाही. मामांनासुद्धा सांगायचं नाही, कारण मामा आणि नवरदेवाचा बाप बाजाराच्या दिवशी एकाच दुकानापुढे बसत.

मामांकडून फक्त कापूस मागवला. त्यांच्याकडे शेवटच्या वेचणीचा कवडी कापूस पडून होता, पिवळट, पाल्याच्या चुऱ्यानं भरलेला, व्यापारी ज्याला हात लावत नाही तो. एसटीच्या टपावरून त्याची पोती आली. गल्लीतल्या बायका दुपारी आमच्या ओसरीवर बसून सरकी काढायला लागल्या आणि गप्पांना जागा झाली.

"काश्मीरात कापूस होते का वं?"

"होत असन. नाहीतर त्याईच्या रजया कशाच्या?"

बर्फ पडतानाचा देखावा माझ्याकडे आला. हे म्हणाले, दोऱ्याला कापसाचे लहान लहान गोळे बांधून मांडवाच्या छताला सोडायचे. मी कापूस हातात घेतला की माझी बोटं आपोआप फुलवात वळायला लागायची. लहानपणापासून बोटांना तेवढंच ठाऊक. गोळा करायला जावं आणि खाली बूड, वर शेंडी, अशी फुलवात व्हावी. हे कचेरीतून येईपर्यंत मी एक सूप भरून बर्फ केलेला असायचा आणि तो सगळा निरांजनात घालता आला असता.

"हे काय आहे?" ह्यांनी विचारलं.

मी सूप मागे सारलं. नणंदच म्हणाली, "दादा, हा देवघरातला बर्फ हाय. थंडीबी वाजन अन् पुण्यबी लागन."

डोंगर बांबूंवर पोती टाकून केला. पोत्यांवर जुनी धोतरं आणि चादरी चुन्यात बुडवून पसरल्या. ओला होता तोवर डोंगर खरंच हिमालयासारखा दिसला. वाळला तसे त्याचे पापुद्रे सुटायला लागले, आणि खालून वारलेल्या सासऱ्यांच्या धोतराचा काठ दिसायला लागला. टोकदार झाडांसाठी ह्यांनी सिंदीच्या झाडण्या, केरसुण्या म्हणा, आणल्या, हिरव्या रंगात बुडवल्या आणि मूठ जमिनीत गाडून उलट्या उभ्या केल्या. बर्फाचा माणूस उशांच्या अभ्र्यांत कापूस कोंबून झाला. डोक्यावर सासऱ्यांची पांढरी टोपी घातली. झाकणावरच्या माणसाला लाल लांब नाक होतं. गाजराचा हंगाम नव्हता, म्हणून ह्यांनी लाल मिरची लावायला घेतली, तर नणंद एकदम म्हणाली, "दादा, त्याच्या नाकाले लाल नको." मग दोडक्याचा तुकडा लावला.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग मावशी आल्या. मावशी म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण. लग्नाकार्यात काय चालतं आणि काय नाही हे त्यांना विचारल्याशिवाय आमच्याकडे सुपारीही हलत नसे. रिक्षातून उतरल्या, मांडवाकडे पाहिलं आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"अवो माय! लगन हाय का मयत?"

"मावशी, काश्मीर आहे हे," हे म्हणाले.

"कापूस कुठं लावते माणसाले, सांग मले. मेल्यावर नाकात कोंबते तो! अन् तू पोरीच्या बोहल्यावर टांगून ठेवला? कोरं पांढरं चालते का लग्नात? नवीन लुगड्याच्या टोकालेबी हळद लावते आपण."

सासूबाईंचं तोंड पांढरं पडलं. नाक, कापूस आणि लग्न हे तीन शब्द एका दमात ऐकायची त्यांची ताकद नव्हती. आणि मावशींचं खरंच होतं, हळदीचं बोट लावल्याशिवाय आमच्यात कोरी वस्तू लग्नात येत नाही. मग बर्फालाही हळद लावायची ठरली. आधी मावशींनी प्रत्येक गोळ्याला कुंकवाचं बोट टेकवायला सुरुवात केली. पण नणंदेनं ते टांगलेले गोळे पाहिले, पांढऱ्या कापसावर लाल लाल ठिपके, आणि ती म्हणाली, "हे तर मी रोज उकिरड्यावर टाकतो ते हाय." मावशींना काही कळलं नाही. सासूबाईंनी झटकन ते गोळे तोडून पदराखाली घेतले आणि कुंकू महाग झाल्याचं काहीतरी सांगितलं.

मग नुसती हळद. मावशींनी बादलीत हळद कालवली आणि कडुनिंबाच्या डहाळीनं मांडवभर शिंपडली. अर्ध्या तासात आमचा बर्फ पिवळा झाला, भिजून चपटला आणि पिठल्याच्या वडीसारखा लोंबायला लागला. डोंगरावर पिवळे ओघळ आले. हे कचेरीतून आले ते सायकल न लावताच उभे राहिले.

"हिमालयाले कावीळ झाली," हे म्हणाले.

"आता शुभ झाला," मावशी म्हणाल्या. "अन् ह्या झाडण्या कोणं उलट्या उभ्या केल्या? झाडणी उभी ठेवली का घरात भांडण होते. आडव्या करा."

"मावशी, ती देवदाराची झाडं आहेत."

"झाड असो का काही असो, मूठ तर झाडणीची आहे ना गा?"

देवदार आडवे झाले. कोणी विचारलं तर वादळात पडले म्हणून सांगायचं ठरलं.

लग्नाच्या दोन दिवस आधी सासूबाईंनी नणंदेला भर दुपारी बोहल्याच्या जागी उभं केलं. वरून पिवळा बर्फ, मागे सोललेला डोंगर. "थंड वाटते का वं?" त्या विचारत होत्या. मान वर करून ती सगळ्याकडे पाहत राहिली. हसली. मग मांडवाच्या मागे मला गाठून म्हणाली, "वहिनी, थंड नाही वाटत. पण दादानं एवढं केलं. आईले सांगू नको." तिनं माझा हात धरला होता आणि तो हात गार होता, तेवढा एकच थंडपणा त्या मांडवात होता. ती पहिल्यांदाच घाबरलेली मी पाहिली. "फुटला अन् ते लोक उठून गेले, तर आई जगत नाही," ती म्हणाली.

मग आम्ही दोघींनी आपसांत ठरवलं. मी तिच्या मागेच उभं राहायचं. पदराखाली फोडलेला कांदा आणि ओला फडका धरायचा. तिनं मान खाली घातली की मी पुढे व्हायचं. कांद्याच्या वासानं तिचं रक्त लवकर थांबायचं. चारचौघांत पुढे व्हायचं होतं, तरी मी हो म्हटलं.

लग्नाच्या दिवशी दुपारी वऱ्हाडाची एसटी सक्करदऱ्याच्या तलावाच्या बाजूला थांबली. आम्ही ओवाळायला ताट घेऊन उभ्या होतो. बसमधून पहिले उतरले नवरदेवाचे वडील. अंगात लोकरीचा कोट, कानाला मफलर. त्यांच्या मागे काका, त्यांच्या डोक्यावर माकडटोपी. त्यांच्या मागे बाया, जरीच्या लुगड्यांवर स्वेटर घातलेल्या, काहींच्या खांद्यावर रग. लेकरांना दोन दोन स्वेटर. सगळ्यांचे चेहरे बीटासारखे लाल, आणि सगळे आपलं काही विशेष नाही अशा चेहऱ्यानं चालत होते. रस्त्यावरचा एक रसवंतीवाला घुंगराचा चरक थांबवून पाहत राहिला.

आम्ही तशाच ओवाळत गेलो. शेवटी सासूबाईंनी मामांना बाजूला घेतलं. मामा वऱ्हाडासोबतच आले होते आणि त्यांच्याही अंगात बंडीवर बंडी होती.

"तू काय सांगून ठेवलं रे त्याईले?"

"तुम्हीच सांगतलं ना, थंडीचा देखावा हाय. मी म्हटलं, बाप्पा, शहरातलं लगन हाय, सगळं थंडीच्या दिवसासारखं राहीन, त्या हिशोबानं या. उद्या म्हणतीन, गावंढळ लोक, काही समजत नाही. नवरदेवाच्या बापानं तर कोट उसना आणला, तलाठ्याचा."

"तुले समजलं नाही का, हा वैशाख हाय?"

"मले समजलं. पण तुमची रीत मी काहून मोडू?"

आता त्यांना कोट काढा म्हणावं तर पाहुण्यांचा अपमान. आणि आम्ही साध्या लुगड्यांत उभ्या राहिलो तर त्यांना वाटणार, आपली थट्टा केली. मावशींनी लगेच निर्णय दिला. आमच्या ट्रंका उघडल्या, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट शाली निघाल्या आणि मुलीकडची मंडळीही पांघरून बसली. हे मफलर गुंडाळून पानसुपारी देत फिरले. दोन्हीकडची माणसं घामानं निथळत एकमेकांना म्हणत होती, "वा, मस्त देखावा केला." "तुम्हीबी तयारीनं आले." गावाकडच्या काही म्हाताऱ्यांनी बर्फाच्या माणसाला आमचं कुलदैवत समजून त्याच्यापुढे नारळ ठेवला आणि पोरांना पाया पडायला लावलं. दोडक्याच्या नाकाला कोणीतरी हळदकुंकू वाहिलं. ह्यांनी डोंगरामागे गंगाळात खऱ्या बर्फाची एक लादी लपवली होती, नणंदेच्या पाठीला गारवा लागावा म्हणून. ती वऱ्हाडातल्या लेकरांनी शोधून काढली आणि स्वेटरच्या बाह्यांत धरून चोखून संपवली.

गोरज झाली. नणंद पिवळ्या साडीत उभी राहिली. तिच्या अंगावर शाल नव्हती, तिला कोणी घालू दिली नाही, सासूबाईंनी तेवढा हट्ट केला. मी मागे. पदराखाली कांदा. समोर मास्तर, काळा लोकरीचा सूट, गळ्यात मफलर, वर मुंडावळ्या. घामानं त्यांचं गंध वाहून नाकापर्यंत आलं होतं. भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला आणि मंगलाष्टक सुरू केलं.

ह्यांना नवरदेवाची दया आली असावी. कचेरीतून एक मोठा उभा पंखा मागून आणला होता, तो ह्यांनी पूर्ण जोरावर सोडला.

कापूस सगळा वाळून हलका झालेला होता. पंख्याचं वारं लागलं तशा माझ्या फुलवाती दोरे सोडून उडाल्या. पिवळा बर्फ पडायला लागला. खरंच पडायला लागला, चहूकडून, गरगर फिरत. लोक आधी वा वा म्हणाले. मग तो त्यांच्या घामेजल्या तोंडांना चिकटला, स्वेटरांना चिकटला, माकडटोप्यांवर बसला. काकांच्या मिशांना चिकटला. भटजींनी "सावधान" म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडात कापूस गेला. ते खोकायला लागले. लोकांना वाटलं मंगलाष्टक संपलं, त्यांनी ज्वारीच्या अक्षता फेकल्या.

"थांबा, थांबा!" मावशी ओरडल्या. "सावधान नाही झालं अजून!"

ह्याच गोंधळात नणंदेची मान खाली गेली.

मी कांदा मुठीत धरला आणि तिच्या तोंडाकडे पाहायला वाकले. तिचं नाक कोरडं होतं. ती खाली बघत होती, अंतरपाटाखालून. पलीकडे मास्तरांच्या नव्या मोज्यांवर लाल थेंब पडत होते. एक, मग आणखी एक.

पुढे जे झालं ते आमच्या नात्यात कधी झालं नसेल. नणंदेनं अंतरपाट स्वतःच्या हातानं खाली ओढला. मुहूर्त लागायच्या आधी. मास्तर मान वर करून उभे होते, डोळे मिटून, आणि रक्त त्यांच्या हनुवटीवरून मफलरमध्ये चाललं होतं. हिनं त्यांची मान धरून खाली वाकवली आणि दोन बोटांनी नाक चिमटीत पकडलं.

"तोंडानं श्वास घ्या," ती म्हणाली. "वर नका पाहू. गिळू नका." मग मागे न पाहता म्हणाली, "वहिनी, कांदा!"

सगळा मांडव माझ्याकडे पाहत होता. मी पुढे झाले. पदराखालून कांदा काढून दिला. मग ओला फडका काढून दिला. कोणीतरी म्हणालं, "अवो, हे बाई लग्नात कांदा घेऊन काहून उभी होती?" नणंदेनं फडका मास्तरांच्या डोक्यावर ठेवला, कोट काढ म्हणून करवलीला सांगितलं, मफलर स्वतः सोडला आणि करवलीच्या हातातल्या कऱ्यातलं पाणी त्यांच्या मानेवर ओतलं. मास्तर वाकलेले, तिच्या हातात त्यांचं नाक, आणि वरून हळदीचा बर्फ पडतो आहे. पंखा बंद करायचं कोणाच्याच लक्षात नव्हतं.

नवरदेवाची आई धावत आली. सासूबाईंचे दोन्ही हात धरले. तिच्या कपाळावर कापूस चिकटला होता.

"विहीणबाई, आमच्या पोराले काही रोग नाही हो! आईची शप्पथ नाही. उन्हानं झालं. तुम्ही मनात काही आणू नका. लगन मोडू नका."

सासूबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं त्या आता पडतील. जे वाक्य आपल्याला म्हणावं लागेल ह्या भीतीनं त्या वर्षभर झोपल्या नव्हत्या, ते वाक्य दुसरीच बाई त्यांना म्हणत होती.

"असू द्या," सासूबाई म्हणाल्या. आवाज फार मोठ्या मनाचा निघाला. "होते एखाद्याले."

तेवढ्यात नणंद बोलली. नाक न सोडता.

"मलेबी होते," ती म्हणाली. "दर उन्हाळ्यात. लहानपणापासून."

सासूबाईंनी डोळे मिटले. मी मनात म्हटलं, संपलं.

नवरदेवाची आत्या पहिली रडली. स्वेटरच्या बाहीला डोळे पुसत ती म्हणाली, "पाह्यलं का वं? आपल्या पोराची लाज राखाले स्वतःवर घेऊन राहिली! अजून हार नाही घातला गळ्यात!"

"नाही हो, खरंच होते मले," नणंद म्हणाली.

"अशी पोरगी दिवा घेऊन शोधली तरी भेटाची नाही," काका म्हणाले.

"अहो, खरं सांगतो मी. वहिनीले विचारा."

सगळ्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हो म्हणून.

"वहिनीबी तशीच," आत्या म्हणाली. "सारं घरच सोन्याचं."

रक्त थांबलं तेव्हा अंतरपाट पुन्हा धरला. भटजींनी शेवटचं मंगलाष्टक पुन्हा म्हटलं. मुहूर्त टळला असं मावशी म्हणाल्या, भटजी म्हणाले टळला नाही, त्यांना घरी जायचं होतं. हार पडले. आणि मग नवरदेवाच्या वडिलांनी पहिल्यांदा हिंमत करून तलाठ्याचा कोट काढला, तसे सगळ्यांनी भराभर स्वेटर, शाली, माकडटोप्या काढल्या, आणि मांडवात हळदीच्या कापसाबरोबर लोकरीचा ढीग पडला.

नणंद सासरी गेली. पहिल्याच होळीनंतर तिचं नाक सुरू झालं. तिनं तिथेही सांगितलं की हे माझं जुनंच आहे. कोणी ऐकेना. महिनाभरात तिची सासू एसटीनं एकटी नागपूरला आली, पिशवीत मोसंबी घेऊन. ओसरीवर बसली, पाणीही घेतलं नाही.

"विहीणबाई, तुमच्यापुढं तोंड दाखवाची सोय नाही," ती म्हणाली. "तुमची पोरगी चांगली धडधाकट दिली तुम्ही. आमच्या पोराचं तिले लागलं. संगतीनंच लागलं. आता तिचंबी नाक फुटते."

मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. सासूबाईंनी एका दमात सगळं सांगितलं. लहानपणापासूनचं, डॉक्टरचं, पोह्यांच्या बशीचं, लग्न थंडीत धरायचं होतं ते, बर्फ कशासाठी केला ते, कांद्याचंसुद्धा. काही ठेवलं नाही.

बोलून झाल्यावर त्या उठल्या आणि मोसंब्यांची पिशवी घेऊन आत स्वयंपाकघरात आल्या. पाट ओढून बसल्या. बाहेर विहीणबाई हुंदके देत होत्या. "माय-लेकी दोघी सारख्याच हो," त्या भिंतीला सांगत होत्या, "आमच्यासाठी किती खोटं बोलून राहिल्या."

सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या.

"खरं सांगतलं वं मी," त्या म्हणाल्या.

"ऐकलं मी," मी म्हटलं.

"सारं सांगतलं."

"हो."

"मंग आता काय करू?"

मी मोसंबी सोलायला घेतली.